नांगर टाकल्यावरचा शेजार

(कोल्हापुरात दसरा चौकातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. शिडाच्या बोटीवरच घर करून राहणारी माणसं, हा आजचा विषय. तो कळल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतोय, "समुद्रात बोट उभी करून ही माणसं दिवसभर करतात तरी काय?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं निळं पाणी, माडाची झाडं आणि हातात गार पेला असतो. पेला खोटा नाही, सूर्य कलला की तो येतोच. पण त्याआधी बहुतेकांचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले असतात, आणि मला त्या जगात शिरकाव मिळाला तो या ग्रीसमुळंच.

मी शिवाजी उद्यमनगरात वाढलेला माणूस. डिझेल इंजिन उघडायचं, बिघाड शोधायचा, पुन्हा धडधडवायचं, आयुष्यभर एवढंच केलं. होडी बघितली ती रंकाळ्यावर. माझा एक शाळासोबती परदेशात स्थायिक झालेला. निवृत्तीनंतर त्यानं आणि वहिनींनी एक जुनी ४० फुटी शिडाची बोट घेतली आणि घर विकून ती दोघं बोटीवरच राहायला गेली. एक दिवस त्याचा फोन आला. "शिडाचं मी बघतो, इंजिनाचं तू बघ. ये." पंचगंगेत शिकलेलं पोहणं एवढ्या भांडवलावर मी गेलो.

बोट होती ग्रेनाडाला. क्रिकेटमुळं आपल्याला जी वेस्ट इंडीजची बेटं माहीत आहेत, त्यांच्या माळेत खालच्या टोकाकडं, साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर हा देश आहे. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर. लोकसंख्या कोल्हापूर शहराच्या पावपटीहूनही कमी भरेल. झेंड्यावर जायफळ आहे, यावरून तिथं काय पिकतं ते समजा. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर जमिनीचे निमुळते सुळके समुद्रात गेलेत आणि त्यांच्यामध्ये आडोशाच्या खाड्या तयार झाल्यात. प्रिकली बे, माउंट हार्टमन बे, क्लार्क्स कोर्ट बे अशी त्यांची नावं. जून उजाडला की या खाड्या शिडाच्या बोटींनी भरायला लागतात.

का, तर चक्रीवादळं. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. आपल्या कोकणात मासेमारीची पावसाळी बंदीसुद्धा १ जूनलाच लागते, हा योगायोग मला तिथं बसून फार गमतीचा वाटायचा. बहुतेक वादळं ग्रेनाडाच्या उत्तरेनं निघून जातात, म्हणून विमा कंपन्या बोटमालकांना बजावतात की हंगामात अमुक अक्षांशाच्या खाली राहा, नाहीतर भरपाई मागू नका. बहुतेक वादळं म्हटलं मी, सगळी म्हटलं नाही. ७ सप्टेंबर २००४ ला 'आयव्हन' या बेटाला अगदी खेटून गेलं आणि दहातल्या नऊ घरांची मोडतोड करून गेलं. १ जुलै २०२४ ला 'बेरिल' याच देशाच्या कॅरियाकू नावाच्या लहान बेटावर आदळलं. तिथं खारफुटीच्या आत शिरून, चहूबाजूंनी दोरखंड बांधून निर्धास्त ठेवलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या.

एरवी ही भटकी माणसं एका खाडीत चार दिवस राहतात आणि पुढं जातात. पण वादळांच्या हंगामात पाच-सहा महिने हलायची सोय नसते. निरनिराळ्या देशांचे झेंडे लावलेली शेकडो कुटुंबं एकाच पाण्यावर, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. निवृत्त जोडपी जास्त, पण पोराबाळांसह निघालेली तरुण घरंही असतात, आणि एकेकटे पुरुष आणि बायकासुद्धा. सगळे स्वतःला क्रूझर म्हणवतात, मीही तोच शब्द वापरतो.

आता नांगराबद्दल जरा सविस्तर बोलतो. कंटाळू नका, कारण तिथल्या माणसांचं एकमेकांशी वागणं या नांगरावरच ठरतं.

नांगर जड असतो म्हणून बोट थांबते, असा आपला समज असतो. ४० फुटी बोट आठ-दहा टनांची, आणि तिचा नांगर २०-२५ किलोचा. एवढ्याशा वजनानं काय थांबणार? नांगर तळाच्या वाळूत रुतून धरतो, आणि ओढ आडवी असेल तरच रुतून राहतो. ओढ वरून आली की उपटून येतो. म्हणून साखळी खोलीच्या कितीतरी पट सोडायची. समजा पाणी पाच मीटर आहे आणि पाण्यापासून बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एक मीटर उंच आहे. झाले सहा. त्याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी. वारा वाढायची चिन्हं असली तर सातपट. मग इंजिन उलट्या दिशेनं चालवून ताण द्यायचा, नांगर हलत नाही ना ते बघायचं. तरी शंका राहिली तर डोळ्यांना काच लावून बुडी मारायची आणि स्वतः बघून यायचं.

एवढी साखळी सोडल्यावर बोट एका जागी थोडीच राहते! लांब दाव्यानं खुंट्याला बांधलेली म्हैस जशी दाव्याच्या घेरात फिरते, तशी बोट वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरते. पूर्वेचा वारा वाहता असेल तोवर सगळ्या बोटी पूर्वेकडं तोंड करून शहाण्यासारख्या उभ्या. वारा पडला की पाण्याच्या ओढीनं कुणाचं तोंड इकडं, कुणाचं तिकडं. खोल तळाची बोट सावकाश फिरते, दोन तळांची कॅटमरान भर्रकन फिरते. कुणी साखळी सोडलेली, कुणी दोर. रात्री झोपताना लांब वाटलेला शेजारी पहाटे तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दात घासताना दिसतो.

याला त्यांचा एकच नियम आहे. जो आधी आला त्याचा घेर आधी. मागून येणाऱ्यानं जागा बघून नांगर टाकायचा, आणि आधीचा "जवळ होतंय हो" म्हणाला की मागच्यानं मुकाट्यानं उचलायचा. बोट केवढी, झेंडा कुठला, मालक कोण, काही विचारात घेतलं जात नाही. आपल्याकडं बांधाच्या एका सरीवरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिथं बांध वाऱ्याबरोबर हलतो आणि कोर्ट नाही, तरी बहुतेक वेळा निभतं. निभत नाही तेव्हा काय होतं तेही सांगतो.

ऑगस्टमधली रात्र होती. मध्यरात्र उलटून गेलेली. दिवसभर पान हललं नव्हतं. अशा दिवसानंतर तिथं कधीकधी काळ्या ढगाची एक भिंत येते आणि दहा-पंधरा मिनिटं वारा असा मारतो की उभं राहवत नाही. त्या रात्री तो पश्चिमेकडून आला, म्हणजे नेहमीच्या उलट. सगळ्या बोटी गर्रकन फिरल्या. उलट्या ओढीनं नांगर उपटायचा सर्वात मोठा धोका तेव्हाच. आमच्या पलीकडची एक बोट सुटली. तिचे मालक घरच्या अडचणीसाठी मायदेशी गेलेले, बोट कुलूपबंद. ती आडवी होऊन मागच्या बोटींच्या रांगेवर निघाली.

बोटीबोटींवर आपसात बोलायला व्हीएचएफ नावाचा रेडिओ असतो. त्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. १६ नंबर हा संकटाचा आणि हाकेचा चॅनेल, पुष्कळ जण रात्रीही तो चालू ठेवतात. मिनिटभरात अंधारात डोक्यावरचे दिवे दिसायला लागले. हवेनं फुगवलेल्या लहान होड्या असतात, त्यांना डिंगी म्हणतात, इंजिन लावून त्या चारी बाजूंनी आल्या. कुणी चड्डीवर, कुणी गाऊनवर. दोन डिंग्यांनी बोटीच्या कुशीला नाक लावून पूर्ण जोरानं रेटून धरलं. सत्तरीच्या एक बाई सरसर वर चढल्या आणि पुढच्या बाजूला जाऊन राहिलेली साखळी सोडायला लागल्या. साखळीचं यंत्र विजेवर चालतं, वीज आतल्या बटणावर, आत कुलूप. मला हाक मारली ती त्यासाठी. यंत्राची पकड हातानं सैल करता येते, ते केलं. साखळी धाडधाड गेली, वर दुसरा नांगर टाकला, बोट मागच्या बोटीपासून हातभर अंतरावर थांबली.

सांगायची गोष्ट खरं तर पुढं आहे. रेटून धरणाऱ्या त्या दोन डिंग्यांमध्ये जे दोघं होते, ते महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचा जनरेटर दुसऱ्याच्या झोपेच्या वेळी चालायचा, त्यावरून वाजलं होतं. त्या रात्री दोघांनी खांद्याला खांदा लावून एकच बोट रेटली. मला वाटलं, आता मिटलं. कसलं मिटतंय! दुसऱ्या दिवशी अबोला तसाच. हंगाम संपेपर्यंत तसाच. पण पुन्हा एखादी बोट सुटली असती तर दोघंही गेलेच असते, याबद्दल तिथल्या कुणाच्या मनात शंका नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं. आपल्याला वाटतं, आधी माणूस आवडतो, मग त्याच्यासाठी आपण धावतो. तिथं धावणं आधी असतं. आवडणं मागून आलं तर आलं. शेजारधर्म पाळायला मैत्री लागत नाही, आणि तो इतका ठरलेला असल्यामुळं मैत्री मोकळी राहते, तिच्यावर उपकाराचं ओझं पडत नाही. २०१९ च्या महापुरात आपल्या चिखलीत, आंबेवाडीत जे लोक छपरांवर अडकले होते, त्यांना होडीत घेताना कुणी भाऊबंदकी विचारली होती का? आपल्याला हे माहीत असतं, पण पाणी ओसरलं की आपण विसरतो. तिथं पाणी ओसरत नाही.

दिवस उजाडतो तो रेडिओवर. सकाळी साडेसातला सगळ्या बोटी एका ठरलेल्या चॅनेलवर येतात. यांतलाच कुणीतरी पाळीपाळीनं सूत्रं सांभाळतो. पहिला प्रश्न ठरलेला: कुणाला तातडीची मदत हवी आहे का? तेव्हा सगळे गप्प बसतात. मग हवामान. मग नवे आलेले स्वतःची ओळख करून देतात, जाणारे निरोप घेतात. मग बाजाराची गाडी कधी सुटणार, कुठल्या दुकानात काय आलंय. मग सर्वात लोकप्रिय भाग, बोटीच्या तळाशी पडलेल्या सामानाची देवघेव. कुणाकडं जादा पंप आहे, कुणाला जुन्या शिडाचा तुकडा हवाय. काही बंदरांत किंमत नारळांत सांगतात. "सौरपॅनेल आहे, ऐंशी नारळ!" बोटीसाठी करमुक्त आणलेला माल परक्या देशात विकायला मनाई असते, म्हणून पैशाचं नाव घ्यायचं नाही. समजणारे समजतात.

रेडिओवर माणसाचं आडनाव कधी येत नाही. बोटीचं नाव आणि पुढं माणसाचं पहिलं नाव, बस. वर्षानुवर्षांची दोस्ती असते आणि आडनाव माहीत नसतं. समोरचा पूर्वी सर्जन होता की ट्रक चालवत होता, हेही महिनोन्महिने कळत नाही, कारण विचारायची पद्धत नाही. विचारतात ते हे: बॅटऱ्या कुठल्या, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी कसं करता, नांगर कुठला. मला हे फार आवडलं. आपल्याकडं पहिल्या तीन प्रश्नांत गाव, आडनाव आणि पावणं कोण हे काढून घेतल्याशिवाय चहा पुढं येत नाही.

रेडिओचं एक आणखी. दोघांना खासगी बोलायचं असलं तर ते दुसऱ्या चॅनेलवर जातात. अख्खी खाडी त्यांच्या मागोमाग त्या चॅनेलवर जाऊन ऐकत बसते.

रेडिओ संपला की दुरुस्त्या सुरू. खाऱ्या पाण्यात आणि उन्हात धातू, रबर, दोर काहीच टिकत नाही. माझा मान तिथं वाढला तो एका इंपेलरमुळं. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चाक असतं, तो इंपेलर. पंप थोडा वेळ जरी कोरडा फिरला तरी पाती तुटतात. एका कॅनेडियन जोडप्यानं तीनदा नवा इंपेलर घातला तरी इंजिन तापतच होतं. मी जुनं चाक मागितलं आणि पाती मोजली. सहा हवीत, तीन आहेत. मग उरलेली तीन गेली कुठं? ती पुढं हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या, नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसली होती. काढली, इंजिन गार. यात हुशारी काही नाही, उद्यमनगरातला कुठलाही पोरगा हेच करेल. पण त्यानंतर रोज सकाळी रेडिओवर "तो डिझेलवाला इंडियन आहे का?" अशी हाक यायला लागली.

दुसरं दुखणं डिझेलचं. दमट हवेत टाकीत दव धरतं, पाणी तळाशी जातं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर बुरशीसारखा चिकट गाळ वाढतो. खाडीत बोट उभी असते तोवर तो शांत बसलेला असतो. समुद्रात लाटा लागल्या की सगळा ढवळून फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. फिल्टर बदलला की नळीत हवा राहते. नट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. आपल्याकडं माळावर पाणी पाजणारा माणूस हे अंधारात करतो. तिथं मोठमोठ्या पदांवरून निवृत्त झालेली माणसं वही घेऊन माझ्या शेजारी बसायची. आणि वही घेऊन बसायची हे महत्त्वाचं, कारण नुसतं काम करून दिलेलं त्यांना चालत नाही. पुढच्या वेळी ते हजार मैल समुद्रात एकटे असणार.

आता या कामाचा मोबदला. पैसे द्यायची पद्धत नाही. मी ज्यांचं इंजिन चालू केलं, त्या बाईंनी आमच्या शिडाची उसवलेली शिवण स्वतःच्या मशीनवर घालून दिली. तिसऱ्या एकानं सगळ्यांचे केस कापले. चौथा पाण्याखाली जाऊन बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचा आणि पंख्याच्या दांड्यावरचा जस्ताचा तुकडा बदलून यायचा. पितळ आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकत्र आले की झीज होते. ती झीज जस्तानं आपल्या अंगावर घ्यावी म्हणून तो लावतात, आणि तो झिजून संपायच्या आत बदलावा लागतो. कुणी कुणाचं किती केलं याची नोंद कुठंच नसते. पण फक्त घेणारा माणूस सगळ्यांना माहीत असतो, आणि रेडिओवर त्याच्या हाकेला उत्तर यायला जरा उशीर लागतो.

रविवारी दुपारी हॉग आयलंड नावाच्या छोट्या बेटावरच्या किनाऱ्यावर सगळे जमतात. ज्यानं त्यानं आपली ताटली, चमचा, पिण्याचं आणि एक पदार्थ आणायचा. बोटीवर गोडं पाणी मोजून वापरतात, म्हणून यजमानाला भांडी घासायला लावायची नाहीत. वहिनींनी एकदा तिथल्या बोकडाच्या मटणाचा तांबडा रस्सा केला. कांदा-लसूण मसाला माझ्या बॅगेतून गेलेला. डोळ्यांतून पाणी काढत लोकांनी पातेलं रिकामं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सामानाच्या देवघेवीत कुणीतरी "ती लाल पूड" मागितली.

ग्रेनाडात मटणाबरोबर रोटी मिळते, आणि तिला रोटीच म्हणतात. १ मे १८५७ ला 'मेडस्टोन' नावाचं जहाज हिंदुस्थानातून करारावरचे मजूर घेऊन या बेटावर उतरलं, तेव्हापासूनची ती. मी दुकानात गेलो की लोक मला शेजारच्या त्रिनिदादचा समजायचे. बोटीवर राहतो म्हटलं की चकित व्हायचे, कारण बोटीवर राहणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं गोरा असतो.

इथं जरा कडू बोलायला हवं. या शेजाराचं मी इतकं कौतुक केलं, पण हा शेजार पाण्याच्या काठापाशी थांबतो. खाडीतली माणसं एकमेकांसाठी मध्यरात्री धावतात, आणि किनाऱ्यावरचा माणूस त्यांच्या दिवसात येतो तो गाडीवाला, भाजीवाली किंवा वेल्डर म्हणून. शेकडो बोटींचं सांडपाणी त्याच खाडीत जातं. त्या खारफुटीत मासे वाढतात, आणि ते पकडणाऱ्याला याबद्दल कुणी विचारत नाही. काही जण हे ओलांडतात. माउंट एअरी गावात मुलांचा वाचनवर्ग आहे, तिथं क्रूझर शिकवायला जातात. 'बेरिल'नंतर याच खाड्यांतल्या बोटी पाणी, ताडपत्री, जनरेटर भरून कॅरियाकूला गेल्या. पण ते संकटाच्या वेळी. एरवी त्यांच्या संध्याकाळच्या पेल्याला स्थानिक माणूस फार क्वचित दिसायचा, आणि मला ते खटकायचं. मित्राचं आणि माझं यावरून वाजायचं. तो म्हणायचा, दोन्ही बाजूंना संकोच असतो. असेल. पण पाहुण्यानं संकोच आधी सोडावा, असं मला आजही वाटतं.

भेटीगाठींच्या रीती आपल्याला सोप्या आहेत. बोटीवर न विचारता चढायचं नाही, डिंगी हातभर लांब धरून हाक मारायची. बोलावलं तर चपला डिंगीतच काढायच्या. सूर्य बुडताना कुणीतरी शंख फुंकतो, मग दुसऱ्या बोटीवरून दुसरा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आपोआप हात जोडले, ते बघून मित्र हसला.

नोव्हेंबर संपत आला की खाडीचा रंग बदलतो. बाजाराच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. डोलकाठ्यांवर माणसं चढलेली दिसतात, गंजलेल्या तारा तपासत. विम्याच्या त्या अटीची मुदत संपली की बोटी उत्तरेला निघतात. निरोप समारंभ वगैरे करत नाहीत. सकाळी रेडिओवर जाणाऱ्यांच्या यादीत नाव येतं, दोन-तीन जण "नीट जा" म्हणतात, तासाभरानं ती जागा रिकामी. आमच्या शेजारचं कॅनेडियन जोडपं असंच गेलं. आपल्याला वाटेल, पाच महिने एका ताटात जेवलेली माणसं, डोळ्यांत पाणी कसं नाही? मीही मित्राला तेच विचारलं. तो म्हणाला, "ते मार्टिनिकला भेटतील, नाही तर पनामाला, नाही तर नाही." पुढं दोन वर्षांनी ती दोघं त्याला खरंच दुसऱ्याच एका खाडीत भेटली. पहिलं वाक्य काय, तर "तो इंपेलर अजून चालतोय."

मला मात्र मार्टिनिकपर्यंत जाता आलं नाही. मार्टिनिक आणि ग्वाडलूप फ्रान्सचे प्रदेश आहेत आणि आपल्या पासपोर्टला तिथं वेगळा व्हिसा लागतो. बाकीचे सकाळी ठरवून दुपारी निघायचे. मैत्रीत झेंडा बघत नाहीत हे खरं आहे, पण कस्टमच्या खिडकीत बघतात.

आता उपग्रहाचं इंटरनेट आल्यापासून सकाळच्या रेडिओला गर्दी कमी होतेय, सगळं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. जुने लोक कुरकुरतात, नवे हसतात. माझं मत विचाराल तर मी जुन्यांच्या बाजूनं आहे, आणि कारण भावनेचं नाही. फोन त्यालाच लागतो ज्याचा नंबर तुमच्याकडं आहे. त्या रात्री सुटलेल्या बोटीच्या मागं जो झोपला होता, त्याचा नंबर कुणाकडंच नव्हता. त्याला १६ नंबरच्या चॅनेलनं उठवलं.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतला काही भाग)

खर्च किती येतो, असं या ताईंनी विचारलंय. जुनी, धड असलेली बोट कोल्हापुरातल्या एका फ्लॅटच्या किमतीत मिळते. घेणं सोपं आहे हो, पोसणं अवघड. बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला काढायचे. स्वतःचे हात चालत असतील तर त्यात बरीच बचत होते.

आपल्याकडं हे का नाही? चांगला प्रश्न आहे. दर्यावर्दी माणसं आपल्याकडं आहेत. नौदलातले आपले दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जाऊन आल्या. पण या मोहिमा आहेत. संसार घेऊन सावकाश हिंडणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी किनाऱ्यावर पाणी, डिझेल, डिंगी लावायला धक्का, दुरुस्तीची जागा लागते. कोचीत तशी सोय झाली आहे. आपल्या कोकणात विजयदुर्गाच्या मागं वाघोटनच्या खाडीत निसर्गानं आडोसा दिलाय, पण बाकीचं आपण केलेलं नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने आपला समुद्र बोटीला उघड्यावर उभं राहू देत नाही, तेव्हा आत खाडीत शिरून राहायची व्यवस्था आधी हवी.

मागून या तरुणानं विचारलंय, इंजिनाचं काम येतं, बोट नाही, तर कुणी घेईल का? घेतील, आनंदानं घेतील. पण निघायच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवून घे. जेवणाचा खर्च कोण करणार, बोट बिघडून महिनाभर अडकली तर काय, आणि तुला मध्येच उतरायचं झालं तर कुठं. परदेशी बंदरात तुझं नाव बोटीच्या खलाशांच्या यादीत लागतं, आणि तू त्या देशातून बाहेर पडेपर्यंत कप्तान जबाबदार धरला जातो. म्हणून परतीचं तिकीट किंवा तेवढे पैसे स्वतःजवळ ठेव, ते दाखवल्याशिवाय शहाणा कप्तान तुला चढवून घेणार नाही. पासपोर्ट काढला आहेस का? नाही? मग उद्या सकाळी ते काम कर, आणि मिळाला की उद्यमनगरात येऊन मला भेट. मरीन इंजिन आणि आपलं इंजिन यांत पाण्याच्या बाजूला काय फरक असतो, ते उघडून दाखवतो.